उपग्रहातून पंचगंगा कशी वाचायची

उपग्रहाला बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, दिसत नाही. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन (डीओ), कोलिफॉर्म जिवाणू, नायट्रेट, सामू, जड धातू यांतलंही काही दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या कामाकडे वळणारे बरेच जण ‘आता प्रदूषण करणारा वरून पकडायचा’ अशा जोशात येतात आणि महिन्याभरात कंटाळून निघून जातात. न कंटाळणारे जास्त घोटाळा करतात. ते लाल-पिवळे नकाशे काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवत बसतात.

उपग्रहाला दिसतो तो फक्त प्रकाश. सूर्याचा प्रकाश पाण्यात शिरतो, आतल्या कणांवर आपटतो, काही शोषला जातो आणि उरलेला परत वर येतो. त्यामुळे पाण्याचा रंग बदलणाऱ्या गोष्टीच वरून कळतात. गाळ, शैवालातलं हरितद्रव्य, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांचा पिवळट-तपकिरी रंग, पृष्ठभागावर पसरलेली जलपर्णी आणि कधीकधी फेसाचे मोठे पट्टे. यादी इथे संपते. ‘आम्ही उपग्रहातून बीओडी काढला’ असं कुणी म्हणालं, तर समजा की त्यांनी रंग मोजला आणि त्या जागी, त्या काळात रंगाचा बीओडीशी जो संबंध सापडला, त्यावरून अंदाज बांधला. तसा अंदाज बांधायला हरकत नाही, पण तो दुसऱ्या नदीवर उचलून ठेवता येत नाही.

बांधावरून ऊस बघून उतारा किती पडेल ते सांगता येत नाही, पण कुठल्या फडात आधी जायला हवं ते कळतं. इथेही तसंच आहे. बाटली कुठे आणि कधी बुडवायची, एवढं उपग्रह सांगतो. बाटलीशिवाय त्याचं म्हणणं पुराव्याला उभं राहत नाही, आणि त्याच्याशिवाय आपण बाटली घेऊन रोज तीच ती ठिकाणं फिरत राहतो.

मग एवढ्यासाठी हा खटाटोप कशाला? प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियमित नमुने महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागी घेतले जातात. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंतची सुमारे ८० किलोमीटरची नदी त्या मोजक्या ठिपक्यांत मावत नाही. उपग्रह सगळी नदी एकदम बघतो, दर पाच दिवसांनी बघतो आणि २०१५ पासूनची चित्रं फुकट देतो. मागे जाऊन तपासायची सोय बाटलीला नाही.

पायरी १ : प्रश्न लहान करा

‘पंचगंगा किती प्रदूषित आहे?’ हा प्रश्न उपग्रहाला विचारू नका. असं विचारा : ‘यंदा तेरवाड बंधाऱ्यामागे जलपर्णी कधी दिसू लागली आणि कधी वाहून गेली?’ किंवा ‘राजाराम बंधाऱ्याच्या वरचं आणि खालचं पाणी फेब्रुवारीत एकाच दिवशी वेगळ्या रंगाचं दिसतं का?’ किंवा ‘बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यानंतर किती आठवड्यांनी पाणी हिरवं पडू लागतं?’ या प्रश्नांना जागा आहे, काळ आहे आणि रंगाशी थेट संबंध आहे. वहीत एकच प्रश्न लिहा आणि पहिला हंगाम त्याच्यावरच काढा.

हंगामही लक्षात घ्या. जून ते सप्टेंबर कोल्हापूरवर ढग असतात, तेव्हा चित्रं जवळपास मिळत नाहीत. कामाचे महिने ऑक्टोबर ते मे. नदीच्या दृष्टीनेही हेच महिने कळीचे आहेत : पाऊस ओसरला की बंधाऱ्यांना बरगे घालतात, पाणी अडतं, गळीत हंगाम सुरू होतो, आणि फेब्रुवारीनंतर प्रवाह मंदावला की शहरांतून येणारं सांडपाणी पातळ व्हायला वरून पुरेसं पाणी उरत नाही. मासे मरण्याचा एक नेहमीचा काळ म्हणजे वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस. साठलेली घाण त्यात एकदम नदीत येते. नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं असतं. त्या दिवसांत चित्राची वाट बघू नका, थेट घाटावर जा.

पायरी २ : नदी मोजा

गूगल अर्थ उघडा, मोजपट्टी घ्या आणि तुमच्या भागातलं उन्हाळ्यातलं पाणी काठापासून काठापर्यंत किती रुंद आहे ते पाहा. बंधाऱ्याच्या लगेच वर मोजा, लगेच खाली मोजा, वळणावर मोजा. हे आकडे वहीत हवेत, कारण पुढचा सगळा खेळ त्यावर आहे. (पाण्याच्या रंगाबद्दल मात्र गूगल अर्थवरून काही ठरवू नका. तिथलं चित्र वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडून केलेलं असतं.)

उपग्रहाचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा एक चौकोन. त्या चौकोनात अर्धं पाणी आणि अर्धा ऊस असेल, तर तो पिक्सेल ना पाण्याचा ना उसाचा. म्हणून दोन्ही काठांचा एकेक पिक्सेल सोडून द्यायचा आणि मध्ये उरेल तेवढंच वापरायचं. २० मीटरच्या पिक्सेलला नदी ६० मीटर रुंद असेल तर मध्ये जेमतेम एक रांग उरते. त्याहून अरुंद पात्रात हरितद्रव्य शोधायला जाऊ नका.

यावर कोल्हापूरकरांना एक आयता उपाय आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे पाणी तुंबून पसरतं आणि जवळपास थांबतं. तिथे पिक्सेल जास्त मिळतात, आणि रात्री सोडलेलं पाणीही सकाळपर्यंत पूर्ण निघून गेलेलं नसतं. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ या बंधाऱ्यांच्या वरचे पट्टे हीच तुमची निरीक्षण केंद्रं समजा.

पायरी ३ : उपग्रह निवडा

फार विचार करायची गरज नाही, सेंटिनेल-२ घ्या. युरोपचा उपग्रह आहे, चित्रं फुकट आहेत. हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त (इन्फ्रारेड) हे बँड, म्हणजे प्रकाशाचे पट्टे, १० मीटरचे आहेत आणि ७०५ नॅनोमीटरवरचा ‘रेड एज’ बँड २० मीटरचा. हा रेड एज बँड शैवालासाठी फार कामाचा. एकापेक्षा जास्त उपग्रह जोडीने फिरत असल्याने दर पाच दिवसांनी फेरी होते. आपल्याकडे तो सकाळी अकराच्या सुमारास डोक्यावरून जातो.

लँडसॅट ३० मीटरचा. पंचगंगेला जाडाच पडतो, पण जुनी चित्रं हवी असतील तर त्याच्याकडेच जावं लागतं. त्याचा तापमानाचा बँड १०० मीटरचा आहे. गरम सांडपाणी नदीत शोधण्याचा विचार त्यामुळे सोडून द्या, राधानगरीच्या जलाशयावर तो चालेल. सेंटिनेल-३ समुद्र आणि मोठ्या सरोवरांसाठी उत्तम, पण त्याचा पिक्सेल ३०० मीटरचा आहे, त्यात आपली नदी हरवून जाते. इस्रोच्या लिस-४ कॅमेऱ्याचं चित्र ५.८ मीटरचं, काठ आणि जलपर्णी छान दिसते, पण त्यात रेड एज नाही. रडारवाला सेंटिनेल-१ ढगांतून बघतो. २०१९ सारख्या महापुरात पाणी कुठवर चढलं ते त्यातून कळतं, पाणी कसं आहे ते कळत नाही.

पायरी ४ : पहिलं चित्र उघडा

‘कोपर्निकस ब्राउझर’ नावाची वेबसाइट आहे. मोफत खातं काढा. शोधचौकटीत कोल्हापूर टाका, उपग्रह म्हणून सेंटिनेल-२ चा ‘एल-२-ए’ प्रकार निवडा (वातावरणाचा परिणाम ढोबळपणे काढून टाकलेला), आणि कॅलेंडरमधून तारीख घ्या.

इथे नवखे हमखास अडकतात ते ढगांच्या टक्केवारीत. ‘१० टक्क्यांपेक्षा कमी ढग’ अशी गाळणी लावली की चांगली चित्रंसुद्धा गळून जातात. ती टक्केवारी सुमारे ११० किलोमीटरच्या अख्ख्या चौकोनाची असते. गगनबावड्यावर ढगांची रांग आणि कोल्हापुरात लख्ख ऊन, हे तर आपण नेहमीच बघतो. मर्यादा ६० पर्यंत ठेवा आणि चित्र डोळ्यांनी पाहून घ्या.

आधी खऱ्या रंगात पाहा, मग ‘फॉल्स कलर’मध्ये. फॉल्स कलरमध्ये वनस्पती लाल दिसते, स्वच्छ पाणी काळंभोर. दोन्ही काठांना लाल ऊस आणि मध्ये काळी नदी असं चित्र दिसायला हवं. नदीच्या काळ्या पट्ट्यात लाल डाग दिसले, तर ते केंदाळ, म्हणजे जलपर्णी, आहे. सूत्र नाही, गणित नाही, पहिल्याच दिवशी हाती लागणारी ही माहिती आहे आणि ती बऱ्यापैकी भरवशाची आहे.

मग ‘कस्टम’मध्ये जाऊन निर्देशांकाचा पर्याय उघडा. दोन बँड ओढून टाकले की त्यांची वजाबाकी भागिले बेरीज असं चित्र तयार होतं. पुढची सगळी सूत्रं याच साच्यातली आहेत. बँडची नावं मी देवनागरीत लिहितोय : बी३ हिरवा, बी४ लाल, बी५ रेड एज, बी८ जवळचा अवरक्त. तिथे ती रोमन अक्षरांत दिसतील, एवढाच फरक.

पायरी ५ : आधी रंकाळा, मग नदी

नदीवर हात बसवायला जाऊ नका. रंकाळा तलाव घ्या, कळंबा तलाव घ्या. पाणी थांबलेलं, पिक्सेल भरपूर, काठापासून आत जायला जागा, आणि दिसतंय ते खरं की खोटं हे संध्याकाळी फिरायला जाऊन बघता येतं. रंकाळ्यात नाल्यांचं पाणी येऊन तो शैवालाने हिरवागार झालेला कोल्हापूरकरांनी पाहिलाच आहे. त्यामुळे जुन्या चित्रांत काय शोधायचं हेही ठाऊक असतं.

तीन निर्देशांक शिका. पहिला पाण्याचा, एनडीडब्ल्यूआय : (बी३ − बी८) ÷ (बी३ + बी८). शून्याच्या वर साधारण पाणी, खाली जमीन. याच नावाने ओलाव्याचाही एक वेगळा निर्देशांक फिरतो, त्यात बँड दुसरे असतात. सूत्र बघितल्याशिवाय नुसत्या नावावर जाऊ नका.

दुसरा हरितद्रव्याचा, एनडीसीआय : (बी५ − बी४) ÷ (बी५ + बी४). हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश खातं आणि शैवाल भरलेलं पाणी ७०५ च्या आसपास जास्त उजळतं. दोन्हींमधली दरी जितकी मोठी तितकं शैवाल जास्त. इंटरनेटवर या निर्देशांकाचा ‘इतका आकडा म्हणजे लिटरला इतके मायक्रोग्रॅम’ असा तक्ता सापडेल. तो अमेरिकेतल्या खाड्या-किनाऱ्यांच्या पाण्यावर बेतलेला आहे. रंकाळ्याला तो लावून ‘हरितद्रव्य ३३’ असं छापू नका. ‘मागच्या महिन्यापेक्षा वाढलं’ एवढंच म्हणा.

तिसरा गढूळपणाचा, एनडीटीआय : (बी४ − बी३) ÷ (बी४ + बी३). तांबूस गाळ असेल तर लाल बँड हिरव्यावर चढतो. पावसाळा संपताना भोगावती, कासारी या उपनद्यांच्या पाण्यावर तो सुरेख चालतो.

रंकाळ्यावर या तिन्हींची वर्षभराची चित्रं काढून झाली की डोळा तयार होतो. ढगाची सावली कशी दिसते, वाऱ्याने पाणी चमकलं की काय होतं, पाचट पेटवल्याचा धूर वरून गेला की आकडे कसे हलतात, हे सगळं तिथे स्वस्तात शिकून होतं. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य आपल्या जवळपास डोक्यावर असतो. त्या सुमारास पाण्यावरची झळाळी थेट कॅमेऱ्यात शिरू शकते आणि सगळेच बँड फुगतात. असं चित्र सरळ टाकून द्यावं.

पायरी ६ : नदीचा साचा कापून ठेवा

आता नदी. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, प्रक्षेपण ‘यूटीएम झोन ४३ उत्तर’ ठेवा, आणि पात्राचा बहुभुज स्वतः हाताने काढा. त्यासाठी पाऊस सरल्यानंतरचं, केंदाळ नसलेलं स्वच्छ चित्र घ्या. दोन्ही काठांकडून एकेक पिक्सेल आत घ्या. मग त्याचे तुकडे करा : प्रयाग चिखलीच्या खालचा एक, शहरालगतचा एक, मग प्रत्येक बंधाऱ्यामागचा एकेक. पुलांच्या सावल्या आणि झाडांनी झाकलेले काठ काढून टाका.

हाताने कशाला, एनडीडब्ल्यूआयने पाणी आपोआप वेगळं होतंच की, असं वाटेल. इथेच मोठी फसगत आहे. जलपर्णीने झाकलेली नदी एनडीडब्ल्यूआयला पाणी वाटतच नाही. म्हणजे नदी जिथे सगळ्यात आजारी, तोच भाग आकडेवारीतून आपोआप गायब होतो आणि उरलेल्या मोकळ्या पाण्याची सरासरी छान येते. साचा एकदाच, चांगल्या दिवसाच्या चित्रावरून ठरवायचा आणि वर्षभर तोच वापरायचा.

पायरी ७ : जलपर्णी मोजा

माझ्या मते नवख्याने पहिला हंगाम एवढंच करावं. उपग्रह यात खरोखर भरवशाचा आहे, पंचगंगेला याची गरज आहे, आणि प्रयोगशाळेचा खर्चही नाही.

साच्याच्या आत एनडीव्हीआय हा वनस्पतीचा निर्देशांक काढा : (बी८ − बी४) ÷ (बी८ + बी४). मोकळ्या पाण्यावर तो साधारण शून्याच्या खाली किंवा आसपास राहतो, जाड केंदाळावर उसासारखाच वर चढतो. ०.३ ही मर्यादा धरून सुरुवात करा आणि दोन-तीन वेळा प्रत्यक्ष जाऊन बघून ती वरखाली करा. मर्यादेच्या वरचे पिक्सेल मोजा. १० मीटरचा पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, शंभर पिक्सेल म्हणजे एक हेक्टर. दर चित्रामागे तुकड्यागणिक हेक्टरचा आकडा वहीत जातो.

हा आकडा वाचताना बरग्यांचा हिशोब ठेवा. केंदाळ कमी झालं म्हणजे पाणी सुधारलं असं नाही. कदाचित वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढले असतील आणि सगळा गठ्ठा खालच्या बंधाऱ्यावर जाऊन बसला असेल. वाराही ते एका काठाला ढकलतो. म्हणून एका तुकड्याचा आकडा सुटा बघू नका, खालच्या तुकड्यांसह बघा. पाटबंधारे खात्याने बरगे कधी घातले, कधी काढले, नदीत वरून पाणी कधी सोडलं, या तारखा स्थानिक वर्तमानपत्रांत येतात. त्या आलेखावर खुणा म्हणून घाला. त्या नसल्या तर आलेख नुसताच नागमोडी दिसतो.

आणि केंदाळ वाढतं ते पोषणद्रव्यांवर. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद हे त्याचं खत. त्याच्या वाढीचा वेग म्हणजे त्या पट्ट्यात काय ओतलं जातंय याची एक अप्रत्यक्ष खूण आहे. इथे ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द अहवालातसुद्धा लिहा.

पायरी ८ : हिरवं पाणी आणि काळं पाणी

जलपर्णीचे पिक्सेल आधी वगळा, मगच एनडीसीआय काढा. केंदाळातही हरितद्रव्य आहे, तो निर्देशांक त्यालाच शैवाल समजेल. शिवाय काठावरच्या हिरव्यागार उसाचा अवरक्त उजेड हवेत विखुरून शेजारच्या पाण्याच्या पिक्सेलमध्ये झिरपतो. अरुंद नदी आणि दोन्हीकडे ऊस, म्हणजे हा त्रास आपल्याकडे जरा जास्तच. ऊस तोडून झाल्यावर आकडा उतरला तर आधी काठाकडे बघा, नदीकडे नंतर.

तुलना करायची सगळ्यात सुरक्षित पद्धत अशी : एकाच दिवसाच्या एकाच चित्रात वरचा तुकडा आणि खालचा तुकडा. जयंती, दुधाळी, लाइन बाजार, बापट कॅम्प असे नाले शहराच्या अंगाला नदीकडे येतात. त्यांच्या वरचं पाणी तुमचा संदर्भ. त्या दिवशीची धूळ, धुकं, धूर दोन्ही तुकड्यांवर साधारण सारखंच असतं, त्यामुळे वजाबाकीत बरंचसं जातं. वेगवेगळ्या तारखांची तुलना त्यामानाने कच्ची.

आता काळं पाणी. मळीमिश्रित किंवा कुजलेल्या सांडपाण्याने काळं पडलेलं पाणी बहुतेक सगळ्याच बँडमध्ये प्रकाश खाऊन टाकतं. उपग्रहाच्या दृष्टीने ते खोल, स्वच्छ पाण्यासारखं दिसतं. लाल बँड गाळासारखा चढणार नाही, एनडीसीआय म्हणेल शैवाल नाही, आणि खाली मासे पालथे पडलेले. काही वेळा तर ढगाच्या आपोआप होणाऱ्या गाळणीत असं पाणी ‘सावली’ म्हणून वगळलंही जाऊ शकतं. नकाशा निळा आला म्हणून खूश होणाऱ्यांना ही गोष्ट पहिल्यांदा सांगावी.

यावर थोडा उपाय आहे. विरघळलेला सेंद्रिय रंग निळा प्रकाश सगळ्यात जास्त खातो, मग हिरवा, लाल त्यामानाने कमी. म्हणून हिरवा भागिले लाल, म्हणजे बी३ ÷ बी४, हे गुणोत्तर वरच्या तुकड्यापेक्षा खालच्या तुकड्यात घसरलेलं दिसलं तर संशय घ्या. पण गाळानेही ते घसरतं. फरक असा की गाळ असेल तर लाल बँडचा मूळ आकडा वाढलेला असतो, काळ्या पाण्यात तो वाढत नाही. म्हणजे नुसतं गुणोत्तर बघायचं नाही, बँडचे मूळ आकडेही शेजारी लिहायचे. तरीही काळ्या पाण्यातून वर येणारा उजेड इतका थोडा असतो की खात्री बाटलीच देते.

पायरी ९ : हवेचा हिशोब

पाण्यावरून कॅमेऱ्यात जाणाऱ्या उजेडातला बहुतांश हवेने विखुरलेला असतो, पाण्याचा वाटा फार छोटा. एल-२-ए मधली दुरुस्ती मुळात जमिनीसाठी बेतलेली आहे. केंदाळ मोजायला ती पुरते, हरितद्रव्यासाठी कमी पडते. पुढे गंभीरपणे काम करायचं असेल तर दुरुस्ती न केलेलं ‘एल-१-सी’ चित्र उतरवा आणि ‘अकोलाइट’ या मोफत प्रणालीतून काढा. ती अशाच आतल्या, गढूळ पाण्यांसाठी केलेली आहे. पहिल्या वर्षी मात्र यात शिरू नका.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून हवी. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या फायलींमधल्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. फाइल स्वतः उतरवून गणित करणार असाल, तर आधी १००० वजा करा, मग १०,००० ने भागा. ते विसरलं की २०२२ च्या सुरुवातीला नदीला अचानक काहीतरी झाल्यासारखा आलेख येतो.

पायरी १० : बाटली घेऊन नदीवर

उपग्रह कोणत्या तारखांना येणार ते मागच्या तारखांत पाच-पाच दिवस मिळवून कळतं. त्या दिवशी सकाळी दहा ते बारा या वेळेत नमुना घ्या. वाहत्या नदीत सकाळचं चित्र आणि संध्याकाळची बाटली यांची सांगड लागत नाही.

जागा पुलाच्या किंवा बंधाऱ्याच्या मधोमध हवी. काठाचं पाणी काठाचंच असतं. पुलावरून दोरीला बांधून बादली सोडा, पण पुलाच्या सावलीतला पिक्सेल धरू नका, वरच्या बाजूचा मोकळा भाग धरा. नदीत उतरू नका. शिरोळ भागात मगरी दिसतात, आणि त्या नसल्या तरी ज्या पाण्याबद्दल आपल्याला शंका आहे त्यात गुडघाभर उभं राहायचं कारण नाही. हातमोजे घाला.

खिशाला झेपणारी साधनं : २० सेंटिमीटरची काळ्या-पांढऱ्या चार भागांची सेकी तबकडी. पत्र्याची गोल थाळी रंगवून घरी होते. ती किती खोल गेल्यावर दिसेनाशी होते तेवढं लिहायचं. पाण्याच्या रंगाचा फोटो, त्यात जागेची नोंद चालू. ‘हायड्रोकलर’ हे मोबाइल अ‍ॅप आणि एक राखाडी कार्ड मिळालं, तर फोनच्या कॅमेऱ्यातून पाण्याचा परावर्तित उजेडही ढोबळ मोजता येतो. डीओ किट किंवा मीटर मिळालं तर सोनं, कारण मासे कशाने मेले याच्या चौकशीत पहिला प्रश्न ऑक्सिजनचाच असतो.

प्रयोगशाळेत पाठवायचा नमुना बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. डीओचा नमुना काठावरच रसायन घालून पक्का करावा लागतो, बाटलीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. आपल्याकडे बीओडी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांचा मोजतात. परदेशी लेखांतला २० अंशांना पाच दिवसांचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका. अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरला डीओ किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम असा आहे. हे दोन आकडे पाठ असलेले बरे. एकट्याने हे सगळं जड जातं. विद्यापीठातल्या किंवा कॉलेजातल्या पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो, त्यांना गाठा.

चित्रातून आकडा घेताना एकच पिक्सेल घेऊ नका. नमुन्याच्या जागेभोवतीचे तीन-गुणिले-तीन पिक्सेल मिळत असतील तर त्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. चित्राचा हा आकडा आणि बाटलीचा आकडा मिळून एक जोडी. पिक्सेल आपापसांतच फार वेगळे असतील तर ती जोडी बाद करा. अशा पंचवीस-तीस जोड्या जमल्याशिवाय सूत्र बसवायला जाऊ नका. सहा ठिपक्यांतून रेघ सुंदर जाते, आणि सातवा ठिपका आला की मोडते. जमलेल्या जोड्यांतल्या काही बाजूला ठेवा आणि सूत्र त्यांच्यावर तपासा.

पायरी ११ : वर्षांची मालिका

एकेक चित्र उघडून कंटाळा आला की ‘गूगल अर्थ इंजिन’कडे वळा. अव्यावसायिक कामाला ते फुकट आहे, नोंदणी करावी लागते. सेंटिनेल-२ चा ‘हार्मोनाइज्ड’ संग्रह घ्या, त्यात वरची १००० ची भानगड आधीच निस्तरलेली असते. तुमचा नदीचा साचा चढवा, ढगाळ पिक्सेल वगळा, प्रत्येक तुकड्याचा मध्यक काढा. सरासरी नको, एखादा चमकता पिक्सेल तिला ओढून नेतो. आणि ज्या तारखेला तुकड्यातले निम्म्याहून जास्त पिक्सेल वगळले गेले, ती तारीखच सोडून द्या.

कोडचे तयार नमुने भरपूर मिळतात. पाण्याचा दर्जा थेट मिलिग्रॅममध्ये दाखवणाऱ्या स्क्रिप्टही मिळतात. त्यांतली सूत्रं दुसऱ्या देशांतल्या जलाशयांवर बसवलेली असतात. रंग बघायला वापरा, आकडा छापू नका.

पायरी १२ : दाखवायचं कुणाला

एका पानात मावेल एवढंच करा. तारीख आणि वेळ, तुकड्याचं नाव, एकाच रंगपट्टीतली दोन चित्रं (वरचा तुकडा आणि खालचा, किंवा आधीची तारीख आणि नंतरची), जागेची नोंद असलेला फोटो, आणि असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल. रंगपट्टी दोन्ही चित्रांना सारखी हवी. ती बदलली की तेच पाणी एकीकडे निळं आणि दुसरीकडे लाल दाखवता येतं, आणि समोरचा अधिकारी हे ओळखणारा असला तर तुमचं पुढचं पानही कुणी वाचत नाही.

नाल्याच्या, शहरातल्या सांडपाण्याच्या गोष्टी महापालिकेकडे, कारखान्यांच्या पाण्याचा संशय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापुरातल्या कार्यालयाकडे, बरग्यांचं आणि पाणी सोडण्याचं पाटबंधारे खात्याकडे. दहा मीटरच्या पिक्सेलमधून कुठल्याही कारखान्याचं नाव निघत नाही, म्हणून ते लिहू नका. ‘अमुक बंधाऱ्यामागे अमुक तारखेला पाण्याचा रंग बदललेला दिसतो, इथला नमुना घ्यावा’ अशी मागणी करा. पोच घ्या. मूळ चित्राची फाइल, साच्याची फाइल आणि वापरलेली सूत्रं एका फोल्डरमध्ये तारखेनिशी ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात त्याच बंधाऱ्यावर परत तसं झालं, तर दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवून दुसरं पत्र लिहायला सोपं जातं.